तार उभ्यानं वाचायची नाही

मानवतच्या शाळेची स्मरणिका निघते आहे, म्हणून दोन तरुण शिक्षक परवा घरी आले होते. "सर, पिंगळीकर मास्तरांवर चार शब्द लिहून द्या. त्यांच्याबरोबर काम केलेले आता तुम्हीच उरलात," असं म्हणाले. मी म्हटलं, चार कशाला, एकाच शब्दावर लिहितो. त्यांना तो माझा विनय वाटला. बिचारे चहा पिऊन खुशीत गेले. हे लिहिलेलं ते छापणार नाहीत हे मला आत्ताच दिसतंय, पण मागितलंच आहे तर लिहून टाकतो.

तो शब्द म्हणजे 'सीरियस'. आज परभणीच्या दवाखान्यात जाऊन कुणीही उभं राहावं. सही करता न येणारी म्हातारीसुद्धा "लय सीरियस हाय वो" म्हणून सांगते आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा, म्हणजे निजामी अमलात, हा शब्द ज्याला कळतो असा मानवतमध्ये एकच माणूस आहे अशी गावाची समजूत होती. ही समजूत पसरवण्याचं कामही त्याच माणसानं केलं होतं.

वामनराव पिंगळीकर आमच्या वस्तानियात, म्हणजे मिडल स्कुलात, इंग्रजी शिकवायचे. बाकीचं सगळं शिक्षण उर्दूतून चालायचं. मी मराठीचा मास्तर. आठवड्याला मला चारच तास, आणि तेही कुणाला कंटाळा आला की त्याच्यासाठी काढून घेतले जायचे. पिंगळीकरांनी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. ते "मराठीवाले" म्हणायचे, आणि तेही 'भाजीवाले' म्हणावं त्या सुरात.

माणूस दिसायला बेताचाच. पण भर वैशाखात, अंगाची लाही होत असताना, शेरवानीची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावून चालायचे. चालायचे म्हणजे काय, पाऊल टाकायचे. एक टाकलं की दुसरं टाकावं की नाही याचा विचार करत असावेत असं वाटायचं. हसायचे नाहीत. शाळेत कुणी हसलं की तर्जनी वर करून "बी सीरियस!" म्हणायचे. मुलांना म्हणायचे, मला म्हणायचे, एकदा शाळेच्या आवारात शिरलेल्या शेळीलाही म्हणाले होते. मॅट्रिकला ते दोनदा बसले होते. बसले होते एवढंच गावाला माहीत होतं, उठले कसे ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यांच्याजवळ इंग्रजीची एक जाडजूड डिक्शनरी होती. लाल बासनात गुंडाळून ती टेबलावर ठेवलेली असायची. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडायची. त्या डिक्शनरीत शब्दाचा अर्थ द्यायच्या आधी कंसात त्याचं मूळ दिलेलं असे, आणि पिंगळीकरांचा सगळा जीव त्या कंसात. शब्द कुठून आला, लॅटिनात काय होता, फ्रेंचांच्या घरी किती दिवस राहिला, हे ते तास तास सांगत. पण त्या शब्दांची चार ओळींची चिठ्ठी लिहायची म्हटलं की त्यांच्या कपाळावर घाम येई. रजेचे अर्ज ते एका जुन्या नमुन्यावरून उतरवून काढत. त्या नमुन्यात आजी आजारी होती, म्हणून पिंगळीकरांची आजी, ती वारल्यावरही, वर्षातून दोनदा आजारी पडायची.

'सीरियस' हा त्यांचा लाडका शब्द. त्याचं मूळ लॅटिन. मूळ अर्थ वजनदार, ज्याला भार आहे असा. एवढं डिक्शनरीत होतं. त्याच्यापुढचं त्यांच्या पदरचं. लॅटिन लोकांनी हा शब्द आपल्या 'सार' या शब्दावरून उचलला, आणि सार म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे प्रतिष्ठा, आणि प्रतिष्ठा म्हणजे... इथे ते शेरवानीचं वरचं बटण चाचपायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, सार शब्दाचा लॅटिनशी काय संबंध? तो आपला संस्कृतातला." ते म्हणाले, "मराठीवाले, तुमच्याजवळ ग्रंथ आहे का?" ग्रंथ माझ्याजवळ नव्हता. वाद तिथेच संपला.

एकदा सोमवारच्या बाजारात त्यांनी हेच मूळ वांगी विकणाऱ्या बाईला सांगायला घेतलं. तिनं तागडी वर धरलेली, एका पारड्यात वांगी, दुसऱ्यात दगड, आणि हे समजावताहेत की बाई, तू हातात धरलंयस ना, तेच ते सीरियस. तिचा हात भरून आला. शेवटी म्हणाली, "मास्तर, वांगे घेयचेत का नुसतंच बोलायलाव? मागं गिऱ्हाईक खोळंबायलंय." बाजार हसला. पिंगळीकरांना ते लागलं नाही. त्यांना खालच्या माणसाचं बोलणं ऐकूच येत नसे.

आणि वरच्या माणसांना ते पसंत पडत. एकदा हैदराबादेहून शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले. आम्ही सगळे मास्तर भिंतीला टेकून उभे. साहेबांनी इंग्रजीच्या वर्गात जाऊन पिंगळीकरांना इंग्रजीतून विचारलं की आज किती मुलं गैरहजर आहेत. प्रश्न एवढाच. पिंगळीकर ताठ झाले आणि त्यांनी 'ॲबसेंट' या शब्दाचं मूळ सांगायला सुरुवात केली. मला वाटलं, आज यांची नोकरी गेली. साहेब सहा-सात मिनिटं मान डोलवत राहिले. त्यांचंही इंग्रजी तेवढ्या एका प्रश्नापुरतंच असावं, कारण दुसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. जाताना शेऱ्याच्या वहीत उर्दूत लिहून गेले: निहायत काबिल मुदर्रिस, म्हणजे फारच लायक मास्तर. त्या दिवशी किती मुलं गैरहजर होती ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. गावात असा एखादा असतोच आणि त्याच्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. पण पिंगळीकरांच्या हाती तारा होत्या.

त्या काळी तार इंग्रजीत यायची. ती यायची मानवत रोड स्टेशनवर. तिथून बंद लखोट्यात घालून हरकारा ती गावात आणायचा. कापसाच्या पेढ्यांवर इंग्रजी वाचणारे मुनीम होते. उरलेल्या गावाला आणि आसपासच्या खेड्यांना पिंगळीकर. तार आली की माणूस ती दोन बोटांत, निखारा धरावा तशी धरून त्यांच्या दारात यायचा. आणि मग पिंगळीकरांचा सोहळा सुरू व्हायचा. "तार उभ्यानं वाचायची नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. मग ते हात धुवायचे. चष्मा पुसायचे. लाल बासन सोडायचे. तार मांडीवर पालथी ठेवायचे आणि एकेक शब्दाचं मूळ सांगत सांगत अर्थाकडे यायचे. अर्थ अगदी शेवटी. समोरचा माणूस तोवर उकिडवा बसलेला असायचा, आणि घरातलं कोण गेलं असेल, त्यांची एकेकाची नावं मनातल्या मनात घेत असायचा.

पालमचा एक माणूस मला आठवतो. सासुरवाडीहून त्याला तार आली होती. मुलगा झाला, एवढीच बातमी. तारेत 'ब्लेस्ड' असा शब्द होता. पिंगळीकरांनी डिक्शनरी उघडली आणि सांगितलं की या शब्दाचं मूळ रक्तात आहे, पूर्वी देवाच्या वेदीवर रक्त शिंपडत त्यावरून. त्या माणसानं 'रक्त' एवढंच ऐकलं. "मेली का वो?" म्हणून त्यानं हंबरडा फोडला आणि जमिनीवर डोकं आपटायला लागला. पिंगळीकर म्हणाले, "बी सीरियस. अजून अर्थ यायचाय." अर्थ पाऊण तासानं आला. तो माणूस डोक्याला टेंगूळ घेऊन पेढे वाटत गावी गेला. लोकांना या गोष्टीचं हसू आलं, आणि गंमत अशी की आदरही वाढला. एवढ्या मोठ्या विद्येला वेळ लागायचाच, असं म्हणायचे.

मला थोडंफार इंग्रजी येत होतं. तार वाचण्यापुरतं नक्कीच. नोकरीला लागलो त्या वर्षी एका म्हातारबुवांची तार मी उभ्या उभ्याच वाचून दिली. पिंगळीकर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मात्र आमच्या सदर मुदर्रिसांशी, म्हणजे हेडमास्तरांशी, रोज बोलत राहिले. मराठीवाले तास बुडवतात, मराठीवाल्यांचे उर्दूचे उच्चार, शीन-काफ, धड नाहीत, असं काहीबाही. माझी नोकरी तेव्हा हंगामी होती. मुस्तकिल व्हायचं, कायम व्हायचं, तर सदर मुदर्रिसांची शिफारस हवी. मी समजायचं ते समजलो. त्यानंतर माझ्यापुढे तार आली की मी म्हणायचो, पिंगळीकर मास्तरांकडे जा.

आता सटवाजी. हा आमच्या शाळेचा चपराशी, झरीचा. घरची जमीन भावांना पुरेना म्हणून नोकरीला आलेला. मोठा नेमका माणूस. आवारातल्या कडुलिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, त्यावर लोखंडी कांब मारून तो तास वाजवायचा. घड्याळाचा काटा जागेवर आल्याशिवाय कांब उचलायची नाही, मग साक्षात साहेब येऊन उभे राहोत. पिंगळीकरांचं पाणी भरणं, त्यांचा फळा पुसणं, त्यांच्या जोड्यांची धूळ झटकणं, हे सगळं त्याच्याकडे.

आणखी एक काम होतं. औरंगाबादला पिंगळीकरांची थोरली बहीण होती, माई. लहानपणीच विधवा झालेली. चार घरी स्वयंपाक करून तिनं या भावाला इंग्रजी शाळेत घातलं होतं. महिन्याकाठी ती ओळखीच्या गार्डाच्या हाती कारळ्याच्या चटणीचा डबा पाठवायची आणि सटवाजी तो स्टेशनावरून आणायचा. डब्याच्या कडीला बाहेरून एक वेगळी पुडी बांधलेली असायची, डबा आणणाऱ्यासाठी. माई आपल्या भावाला ओळखून होती. पुडी आत ठेवली असती तर ती सटवाजीला दिसली नसती. तिला न पाहताच सटवाजी "आमच्या माई" म्हणायचा.

सटवाजीची बायको रुक्मिण. तिच्या पोटात गाठ झाली. तिचा भाऊ हैदराबादला कामाला होता, त्यानं तिला तिकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सटवाजीला रजा मिळाली नाही. आठेक दिवसांनी, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, हरकारा शाळेत आला.

मी ओसरीत उभा होतो. सटवाजी लखोटा फोडून माझ्याकडेच आला. "मास्तर, माज्या नावानं तार आलीय. बगा बरं." मी तार हातात घेतली. चारच शब्द होते. वाइफ सीरियस स्टार्ट इमिजिएटली. मला ते स्वच्छ वाचता आले. माझ्या शिफारशीचा कागद त्याच आठवड्यात सदर मुदर्रिसांच्या टेबलावर पडून होता, आणि पिंगळीकर समोरच्या वर्गाच्या दारातून आमच्याकडे बघत होते.

"पिंगळीकर मास्तरांना दाखव," मी म्हटलं.

"बरं हाय का वाईट, येवढं तर सांगा."

"आत्ता दाखव. लवकर जा," म्हणून मी तार त्याच्या हातात दिली आणि माझ्या वर्गात शिरलो.

हैदराबादकडे जाणारी गाडी अडीचची. दिवसातून ती एकच. गावापासून स्टेशनापर्यंत टांग्याला तास-सव्वा तास लागायचा. म्हणजे सव्वाला निघालं पाहिजे. मी हा हिशेब वर्गात खडू हातात घेऊन केला, आणि मग मुलांना उपमा अलंकार शिकवायला लागलो.

माझ्या आणि पिंगळीकरांच्या वर्गात तट्ट्याची भिंत होती. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. पिंगळीकरांनी तार पाहिली असणार, कारण त्यांचा आवाज एकदम चढला. "तार उभ्यानं वाचायची नाही, सटवा. तास संपू दे. मुलांनो, आज आपल्या वर्गात एक जिवंत उदाहरण चालत आलंय!" खडूचा आवाज आला. ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत तो शब्द लिहीत होते. मग लॅटिन. मग फ्रेंच. मग वजन, भार, तागडी. मग आपला सार. मध्येच सटवाजीचा आवाज आला, "मास्तर, बरं हाय का तिला?" पिंगळीकर म्हणाले, "बी सीरियस." मुलं हसली. त्या मुलांना तरी कुठे अर्थ ठाऊक होता?

एक वाजला. सव्वा वाजला. मी फळ्यावर उपमेची उदाहरणं लिहीत होतो. तट्ट्याला एक फट होती, तिच्यातून दाराशी उभा असलेला सटवाजी दिसत होता. हातात कांब. तो घड्याळाकडे बघत होता. दीडला तास संपायचा. तो टोल त्यालाच मारायचा होता, आणि पंधरा मिनिटं आधी मारावा असं त्याच्या मनातसुद्धा आलं नसावं. बरोबर दीडला त्यानं जाऊन टोल मारला आणि धावत परत आला.

पिंगळीकरांनी हात धुतले. चष्मा पुसला. मी आता दारात येऊन उभा होतो. "तुझी बायको अत्यवस्थ आहे. ताबडतोब निघ," ते म्हणाले. आणि सटवाजी वळला तसं त्याला थांबवून म्हणाले, "इमिजिएटली. म्हणजे मध्ये काहीही येऊ न देता. हेही मूळचं लॅटिन. आणि जाताना फळा पुसून जा."

सटवाजीनं फळा पुसला. ते मी डोळ्यांनी पाहिलं. तो शब्द त्यानं वरून खाली हात फिरवून पुसला आणि मग पळाला.

टांगा स्टेशनात शिरला तेव्हा गाडी सुटली होती. शेवटचा डबा दिसत होता म्हणे. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तो गेला. तोवर सगळं उरकलं होतं. रुक्मिणीचं तोंडसुद्धा त्याला बघायला मिळालं नाही. मेव्हणा म्हणाला, दाराकडं बघत व्हती.

पंधरा दिवसांनी तो परत आला. डोकं भादरलेलं. आल्या आल्या त्यानं घड्याळ पाहिलं, कांब घेतली आणि टोल मारला. मास्तरमंडळी कोंडाळं करून चुकचुकत होती. पिंगळीकर तिथे आले आणि म्हणाले, "मी अर्थ बरोबरच सांगितला होता." एवढंच. मला त्या क्षणी त्या माणसाची जी किळस आली ती अजून गेलेली नाही. पुढच्या महिन्यात माझा कायम झाल्याचा हुकूम आला. पिंगळीकरांनी अभिनंदन केलं आणि मी त्यांना पेढा दिला.

महिना-दीड महिन्यानं सटवाजी माझ्याकडे कागदाचा एक चतकोर घेऊन आला. "मास्तर, त्यो शबुद लिवून द्या. तारंत येतो तसा. मोठ्या अक्षरात."

मी लिहिला. म्हटलं, "अर्थ सांगू का?"

"अर्थ म्हाईत हाय," तो म्हणाला.

तो चतकोर त्यानं चंचीत, पान-तंबाखूबरोबर जपून ठेवला. आणि त्यानंतर मानवतला एक नवीनच गोष्ट सुरू झाली. पिंगळीकरांच्या दाराकडची वाट शाळेवरूनच होती. तार घेऊन कुणी तिकडे निघाला की सटवाजी त्याला लिंबाखाली थांबवायचा, चतकोर काढायचा, तारेशेजारी ठेवायचा आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून जुळवून बघायचा. जुळलं की म्हणायचा, "निघा. काई इचारू नका. टांगा म्या आनतो." नाही जुळलं तर म्हणायचा, "घाई न्हाई. मास्तरकडं जावा, निवांत आयका." एकच शब्द येणारा तो माणूस, पण त्या शब्दावर कितीतरी माणसं वेळेत गाडीत बसली. माणूस मेल्याचीच तार असली तर त्याला ती ओळखता यायची नाही आणि तो म्हणायचा घाई न्हाई. तेही काही फारसं खोटं नव्हतं.

पिंगळीकरांच्या दारात आता बहुतेक बारशाच्या आणि बदलीच्याच तारा यायला लागल्या. ते फणफणले. "मूळ ठाऊक नाही, धातू ठाऊक नाही, आणि हा गडी अर्थ सांगत सुटलाय! शब्दाची विटंबना आहे ही, मराठीवाले." सदर मुदर्रिसांकडे तक्रारही केली. सदर मुदर्रिस भला माणूस, त्यांनी ती ऐकून घेतली आणि सटवाजीला काही म्हणाले नाहीत. मला मात्र यातली मजा वाटू लागली होती. पिंगळीकर समोरून चालले की मी मुद्दाम सटवाजीला हाक मारून विचारायचो, "काय रे, आज कुणाची तार?"

अशी सहा-सात वर्षं गेली. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. एके दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधी, मी पिंगळीकरांच्या खोलीवर गेलो होतो. परीक्षेचं वेळापत्रक विचारायचं होतं. खोली शाळेला लागूनच. ते नुकतेच आंघोळ करून बसले होते, शेरवानी अजून खुंटीला होती. शेरवानीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. छाती अगदी पोराची होती. तेवढ्यात सटवाजी लखोटा घेऊन आला. "मास्तर, आज तुमच्याच नावाची हाय."

त्यांनी लखोटा उभ्या उभ्याच फोडला. वाचलं. सटवाजी शेजारीच उभा होता, त्याची नजर तारेवर गेली. चतकोर काढायची गरज आता त्याला राहिली नव्हती.

"मास्तर, सीरियस हाय," तो म्हणाला. तो शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "माई का वो? निघा. म्या टांगा आनतो." आणि तो गेलासुद्धा.

मनमाडकडची गाडी साडेअकराची. दहा वाजायला आले होते. टांगा पाच मिनिटांत दारात आला. पिंगळीकर खाटेवर बसले होते. त्यांनी हात धुतले होते. मांडीवर लाल बासन सोडलेलं आणि डिक्शनरी उघडी.

"मास्तर, टांगा आलाय."

"तू मला इंग्रजी शिकवणार?" पिंगळीकर म्हणाले. "तार उभ्यानं वाचायची नसते." त्यांनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढून पुसला. पानं उलटायला लागले. ज्या शब्दाचं पान त्यांना झोपेतसुद्धा उघडता आलं असतं ते पान त्यांना सापडत नव्हतं. मला तेव्हा ते सगळं ढोंग वाटलं. चपराशानं सांगितलेला अर्थ खरा मानायचा नाही म्हणून चाललेला आडमुठेपणा. आज वाटतं की ते पान सापडेपर्यंत तरी तिकडे माई धडधाकट असणार होती, म्हणून ते शोधत असतील. पण हा आजचा शहाणपणा आहे. तेव्हा मी भिंतीला टेकून उभा होतो आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. शोध बाबा, म्हणत होतो मनात. लॅटिन सांग. फ्रेंच सांग.

दहा वाजून गेले. सटवाजी दारातून आत, आतून दारात करत होता. "मास्तर, पानं मागनं काडा. माई वाट बगायल्यात. दाराकडं बगायल्या असतील वो." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते तो पुसतही नव्हता. पिंगळीकरांनी मान वर केली नाही. पानं उलटत राहिले.

मग सटवाजी माझ्याकडे वळला. हात जोडले. "मराठीवाले मास्तर, तुमी तरी सांगा. तुमचं आयकतील. तुमाला तर वाचाया येतंय." आणि तसाच, अजिबात आवाज न चढवता म्हणाला, "तवाबी येतच व्हतं."

पिंगळीकर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेले. माई तार आली त्याच रात्री गेली होती. ते परत रुजू झालेच नाहीत, तिकडूनच बदली करून घेतली. तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हेच: खाटेवर, उघड्या अंगानं, डिक्शनरीवर वाकलेले, आणि साडेदहाचा टोल वाजवायला आज कुणीच गेलेलं नाही.

त्या दिवशी मी एक शब्द बोललो असतो तर ते उठले असते, असं मला वाटतं. मी बोललो नाही. पहिल्या वेळी मी नोकरीसाठी गप्प राहिलो होतो. या वेळी मला मुस्तकिल होऊन सात वर्षं झाली होती.